घरचं बोलणं घरातच राहावं म्हणून

‘चार कानांत आहे तोवर गोष्ट, सहा कानांत गेली की बोभाटा,’ असं आमच्या सासूबाई म्हणतात. त्यांच्या काळी कान मोजता तरी येत. नळावर कोण होतं, ओट्यावर कोण बसलं होतं हे आठवलं, की गोष्ट कुठून फुटली ते कळायचं. आता आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ६३ माणसं आहेत. म्हणजे १२६ कान! त्यातल्या निम्म्यांना तर मी लग्नाकार्यात भेटले तरी नावानं ओळखणार नाही.

गेल्या पावसाळ्यात या कानांनी आम्हाला चांगलाच धडा शिकवला. तो आधी सांगते, म्हणजे आजचा विषय का काढला ते ध्यानात येईल.

माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या छातीत एक गाठ हाताला लागली. तपासणी झाली. रिपोर्टात लिहिलं होतं, अजून एक तपासणी करून घ्या. भाऊजी घाबरले आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. रिपोर्टचा फोटो काढला, ‘कुणाच्या ओळखीचे चांगले डॉक्टर आहेत का?’ असं लिहिलं आणि ग्रुपवर टाकून दिला. हेतू वाईट होता का? मुळीच नाही. पण तासाभरात फोन सुरू झाले. कुणी रडतच बोललं, कुणी काढा सुचवला, कुणी ‘ऑपरेशन अजिबात करू नका’ म्हणून दटावलं. संध्याकाळी आर्वीहून जाऊबाईंच्या आईचा फोन आला. त्यांना लेकीने अजून सांगितलंच नव्हतं. दुसरा रिपोर्ट हातात आल्यावर स्वतः जाऊन, जवळ बसून सांगायचं असं तिनं ठरवलं होतं. त्यांना ते शेजारणीकडून कळलं.

देवाच्या दयेने गाठ साधी निघाली. पण जाऊबाई मला म्हणाल्या, “ताई, गाठीचं मी महिन्याभरात विसरले. आईला शेजारणीकडून कळलं, ते मात्र विसरता येत नाही.”

तेव्हापासून आम्ही घरातल्या पाचजणी घरचं बोलणं वेगळ्या, खासगी ॲपवर करतो. पण ही पाच माणसं तिथवर आणताना काय काय झालं ते ऐका. ॲप फोनमध्ये घ्यायला पाच मिनिटं लागतात. माणसाचं मन वळवायला किती लागतात ते आपल्याला स्वयंपाकघरातून चांगलंच ठाऊक आहे!

पहिला प्रयत्न फसला तो असा

आठवतं का, २०२१ च्या जानेवारीत एकच गडबड उडाली होती? व्हॉट्सॲपने आपल्या नियमांमध्ये बदल जाहीर केला आणि ८ फेब्रुवारीपर्यंत तो मान्य करा असं सांगितलं. लोक इतके बिथरले की पुढे ही मुदत १५ मेपर्यंत वाढवावी लागली. ‘आता कंपनी आपले निरोप वाचणार’ अशी आवई उठली. ती काही खरी नव्हती. प्रश्न होता तो दुकानांशी, कंपन्यांशी होणाऱ्या बोलण्याचा आणि आपली माहिती फेसबुकच्या कंपनीकडे जाण्याचा. याच धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोठावला आणि कंपनी त्यावर अपिलात गेली.

त्या जानेवारीत सिग्नल नावाच्या ॲपवर जगभरातून एवढी गर्दी लोटली, की १५ तारखेला ते बंदच पडलं. मीही त्या गर्दीत होते. ग्रुपवर लांबलचक निरोप टाकला, ‘उद्यापासून सर्वांनी सिग्नलवर यावे.’ ६३ पैकी नऊजण आले. दोन सुप्रभात, एक वाढदिवस, आणि महिन्याभरात सगळं शांत. मुंजाबाच्या पारासारखी अवस्था! ज्या घरात कुणीच नाही, तिथे राहायला कोण येणार? एका हाताने टाळी वाजत नाही, तसा एका माणसाने निरोप्या बदलता येत नाही.

मला वाटतं, माझी चूक दोन ठिकाणी झाली. मी सगळ्यांना एकदम हाक मारली, आणि कारण सांगितलं ते वर्तमानपत्रातलं, त्यांच्या घरातलं नाही.

आपल्या वर्ध्याला पत्ता बदलण्याची गोष्ट नवी नाही बरं का. १९३६ साली गांधीजी राहायला आले त्या खेड्याचं नाव सेगाव होतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या गजानन महाराजांच्या शेगावशी नावाचा घोळ व्हायचा आणि इकडचं टपाल तिकडे जायचं. शेवटी १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम केलं. आता विचार करा, नुसती पाटी बदलून पत्रं थोडीच यायला लागणार? लिहिणाऱ्या प्रत्येकाला नवा पत्ता कळायला हवा आणि त्यानं तो लिहायला हवा. आपलंही तसंच आहे. पत्ता एकेकाला सांगावा लागतो.

पोस्टकार्ड आणि पाकीट

दुसऱ्यांदा समजावताना मी टपालाचीच भाषा वापरली. ती सासूबाईंनाही पटकन कळली.

साधा एसएमएस म्हणजे पोस्टकार्ड. हातोहात जाताना वाटेत वाचता येतं. व्हॉट्सॲप म्हणजे डिंकाने बंद केलेलं पाकीट. २०१६ सालापासून त्यातला मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधे कंपनीलाही तो वाचता येत नाही. गंमत म्हणजे हे कुलूप सिग्नलवाल्यांनीच घडवलेलं आहे. म्हणून ‘व्हॉट्सॲप वाईट’ असं कुणाला सांगू नका. ते खरंही नाही, आणि ऐकणारा चिडतो ते वेगळंच.

मग फरक काय? पाकिटाच्या आतलं पोस्टमनला दिसत नाही, पण बाहेरचं दिसतं. कुणी कुणाला लिहिलं, किती वेळा, किती वाजता. समजा, एखादी बाई रोज रात्री वकिलाला निरोप पाठवते. आतलं एक अक्षर न वाचताही बघणाऱ्याला काय ते कळतंच ना? व्हॉट्सॲप ज्या कंपनीचं आहे तिचा धंदा जाहिरातींचा आहे. पाकिटावरची अशी पुष्कळशी माहिती तिच्या हाती असते. सिग्नल चालवणारी संस्था नफ्यासाठी नाही, देणग्यांवर चालते आणि तिथे जाहिराती नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत सरकारी चौकशीत सिग्नल चालवणाऱ्यांकडे दोन फोन क्रमांकांची माहिती मागितली, तेव्हा देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि ते शेवटचं कधी जोडलं गेलं. जे साठवलंच नाही ते देणार कुठून?

पुष्कळ मुलांना वाटतं की टेलिग्राम सर्वांत सुरक्षित. तिथे मात्र साधं बोलणं आणि ग्रुप यांना असं शेवटपर्यंतचं कुलूप नसतं. ‘सिक्रेट चॅट’ मुद्दाम उघडावी लागते, आणि तीही दोघांपुरतीच. हे घरातल्या मुलांना जरूर सांगा.

माणसं वळली ती अशी

सर्वांत आधी जाऊबाई. त्यांना समजवावंच लागलं नाही. पुलगावच्या नणंदबाईंना मी एवढंच म्हटलं, “ताई, जाऊबाईंच्या दुसऱ्या रिपोर्टाचं आपण तिथे बोलू या.” त्या त्याच दुपारी आल्या. पुण्याला नोकरी करणारी पुतणी म्हणाली, “काकू, मी तर केव्हाची तिथेच आहे, तुम्हीच कुणी नव्हता!”

उरल्या सासूबाई. फोन हातात घेतला तशा म्हणाल्या, “काऊन बाप्पा? हे जुनं का खराब झालं? मले नाही समजत ते नवंबिवं.” मी वाद घातला नाही. गोरसपाकाचा पुडा उघडला, चहा ठेवला आणि त्यांच्याजवळ बसून ॲप त्यांच्याच हाताने घेतलं. भाषा मराठी केली, अक्षर मोठं केलं, चिन्ह व्हॉट्सॲपच्या शेजारीच ठेवलं. मग पुतणीला खूण केली. तिने आपल्या तान्ह्या बाळाचा व्हिडिओ फक्त तिथेच पाठवला. पणतू हसताना पाहिला आणि सासूबाई म्हणाल्या, “हे इथंच येते का? मंग राहू दे.” मैत्रिणींनो, तुमच्या शंभर कारणांपेक्षा एक पणतू भारी!

भाऊजींचं अवघड गेलं. त्यांना कळलं तेव्हा ते दुखावले. म्हणाले, “म्हणजे माझ्यावर विश्वास नाही म्हणून हे चाललंय का?” खोलीत कुणी बोलेना. जाऊबाईच शेवटी म्हणाल्या, “तुमच्यावर आहे हो. तुमच्या घाबरण्यावर नाही. पुढच्या वेळी घाबरलात तर आधी मला विचाराल, एवढंच हवंय मला.” भाऊजी उठून गेले. आठवड्याने आपणहून विचारलं, “ते तुमचं ॲप माझ्याही फोनवर टाकून देता का?” ते आता आमच्यात आहेत. म्हणजे पाचजणी आणि एक गडी!

हे मुद्दाम सांगितलं, कारण एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भाऊजींनी तो फोटो सिग्नलवरच्या ६३ माणसांना पाठवला असता, तरी हेच झालं असतं. कुलूप कितीही भक्कम असो, किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने दार उघडलं की संपलं. ॲप बाहेरच्यापासून राखतं, आतल्या माणसापासून नाही. मग बदलायचं तरी कशाला? कारण नव्या जागी जाताना कुणाला आत घ्यायचं आणि काय बाहेर न्यायचं नाही, हे बोलून ठरवता येतं. जुन्या ग्रुपवरून कुणाला काढायचं म्हटलं, तर पुढच्या पिढीपर्यंत अबोला!

‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’

हा प्रश्न तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. आमच्या नात्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी मला तर सरळ गांधीजींचाच दाखला दिला, “ते कधी काही लपवत नसत.” मी म्हटलं, “गुरुजी, स्वतःचं पत्र चारचौघांत वाचून दाखवणं निराळं आणि आपलं पाकीट दुसऱ्याने फोडणं निराळं. पहिल्यात आपली मर्जी असते.” ते हसले, पण अजून आलेले नाहीत. असू दे!

आपण न्हाणीघराचं दार लावतो ते काही गुन्हा लपवायला नाही. आजारपण, कर्ज, लेकीच्या स्थळाची बोलणी, सुनेचे दिवस राहणं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तरी ते कुणाला, केव्हा सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. हा काही नुसता लाड नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. ते प्रकरण न्यायालयात नेणारे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली याचिका केली तेव्हा ऐंशी ओलांडलेली होती. तेव्हा ‘आता या वयात कशाला?’ असं कुणी म्हटलं तर हे नाव जरूर सांगा.

आणि हो, हाच हक्क घरातल्या घरातही आहे. सुनेचा फोन सासूने चाळू नये, बायकोचा नवऱ्याने, आणि वयात आलेल्या लेकीचा आपणही. खासगी ॲप दुसऱ्याच्या फोनवर त्याच्या नकळत टाकून देणं, हा तर उलटाच प्रकार झाला.

या आठवड्यात करून पाहा

१. एकच माणूस निवडा, एकच विषय निवडा. आईचं औषधपाणी, बहिणीशी पैशांचं बोलणं, असं काहीतरी. सगळा गोतावळा हलवायला जाऊ नका.

२. कारण त्याच्या घरातलं सांगा, आणि एका वाक्यात सांगा. कंपन्यांचं राजकारण नंतर.

३. जुना ग्रुप सोडू नका. सुप्रभात, बारशाचे फोटो, सांबारवडीची कृती तिथेच असू द्या. दोन्ही नांदू शकतात.

४. शेजारी बसून ॲप घ्या. सहा आकडी क्रमांक फोनवर येतो, तो त्याचा त्यानेच भरावा. तो क्रमांक कुणालाही सांगायचा नाही, आपल्यालासुद्धा नाही. पिन ठरवली की ती घरच्या वहीत जपून लिहायला लावा.

५. फोन बदलताना जुने निरोप आपोआप नव्यावर येतील असं धरून चालू नका. जुना फोन विकण्याआधी निरोप नव्या फोनवर उतरवून घ्या. जपायचे फोटो वेगळे काढून ठेवा.

६. नाजूक बोलण्याला ‘आपोआप पुसले जाणारे निरोप’ लावा. एक दिवस, एक आठवडा, चार आठवडे, हवी ती मुदत ठेवता येते. पण समोरचा त्याआधी फोटो काढून ठेवू शकतो, हे लक्षात असू द्या.

७. पहिल्याच दिवशी नियम ठरवा: इथलं तिथे न्यायचं असेल, तर आधी विचारायचं. हा एक नियम सगळ्या कुलपांपेक्षा मोठा आहे.

८. कुणी आलंच नाही, तर रुसू नका. त्याच्या व्हॉट्सॲपमध्ये निदान एक काम करून द्या. निरोपांचा बॅकअप गूगल किंवा ॲपलकडे जात असेल, तर त्याला वेगळं कुलूप लावावं लागतं. ते आपोआप लागलेलं नसतं. सेटिंगमध्ये चॅट, त्यात बॅकअप, तिथे ते लावता येतं. त्याचा पासवर्ड मात्र विसरायचा नाही, नाहीतर बॅकअप आपल्यालाच उघडत नाही.

आणि एक सावधगिरी. आपण सांगतो ते आपल्या माणसाला, समोर बसून नाहीतर ओळखीच्या आवाजात फोनवर. एखादा अनोळखी माणूस ‘इथलं बोलणं सोडा, त्या दुसऱ्या ॲपवर या’ म्हणाला, की समजा दाल में कुछ काला. ठगांची ही नेहमीची रीत आहे. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा.

परवा दिवाळीची खरेदी करताना जाऊबाई म्हणाल्या, “ताई, मला पुन्हा तपासणीला बोलावलंय. नुसती नेहमीची आहे. पण सांगितलं आईला, स्वतः जाऊन.” रात्री आमच्या छोट्या ग्रुपवर त्यांचा निरोप आला, ‘सगळं ठीक.’ खाली सासूबाईंनी बोटाने शोधून शोधून लिहिलं होतं, ‘बर झाल माय.’

६३ माणसांपैकी सहाजण त्या रात्री निवांत झोपले. बाकीच्यांना कळलंच नाही. ते कळायचं कारणही नव्हतं.

तुम्ही कुणाला आधी विचारणार? एक नाव ठरवा, आणि चहा ठेवा!